खटपटीच्या गाडीचा ब्रेक

गाडी चालू होण्यात काही विशेष नाही, असं खटपटी म्हणते. किल्ली फिरवली की भंगारातलीसुद्धा चालू होते. ती थांबते कशी, ते बघायचं. हे वाक्य ऐकलं की तिची आई कपाळावर हात मारून घ्यायची. आईच्या मते मुळात गाडी चालूच होऊ नये, म्हणजे थांबवायचा प्रश्नच येत नाही.

खटपटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेच्या दाखल्यावर चांगलं अर्थपूर्ण नाव आहे, आईने बारशाच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलेलं. पण पोरगी रांगायला लागली ती थेट बाबांच्या सायकलीकडे. चेनच्या वंगणाने दोन्ही गाल काळे करून ती परत आली आणि बाबा म्हणाले, "घ्या, खटपटी आली!" त्या दिवसापासून दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं. पुढे भिंतीवरचं घड्याळ झालं, इस्त्री झाली, शेजारच्या वकीलकाकांची शिट्टी मारणारी किटली झाली. उघडलेली वस्तू ती पुन्हा जोडायची, हे खरं. एखादा स्क्रू उरायचा, तो मुठीत धरून ती रात्रभर झोपायची आणि सकाळी उठून पुन्हा सगळं उघडायची.

प्रश्न तर इतके विचारायची की उत्तरं देणाऱ्याच्या तोंडाला फेस यावा. आईला पाठदुखी जुनी. संध्याकाळी ती रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेकत बसायची. पिशवी उभी धरून, तिचं पोट हलकेच दाबून, पाणी तोंडाशी आलं की बूच लावायची. बाजूला खटपटी उभी.

"दाबतेस कशाला?"

"आतली हवा काढायला."

"हवा राहिली तर काय होतं?"

"पिशवी नुसती फुगते. अंगाला नीट बसत नाही."

"मग उभीच कशाला धरायची? आडवी धरून का नाही दाबायची?"

"अगं हवा वर जाते बाई! तोंड वर असलं तरच बाहेर पडेल ना ती!"

एवढं बोलून आईने विषय संपवला होता. तिच्या मते. पुढचे कित्येक दिवस पोरीने घरातली प्रत्येक बाटली बादलीत उलटी-सुलटी बुडवून पाहिली.

आई पदवीधर. नोंदणी कार्यालयात तिची सगळी नोकरी एकाच खुर्चीत झाली. डोक्यावर पंखा, समोर काच लावलेलं टेबल, दुपारी चहा जागेवर. मुलीसाठी तिचं स्वप्न काही फार मोठं नव्हतं. असलीच एक खुर्ची आणि असलाच एक पंखा, बस्स. पण मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ह्या पोरीचे तर पाळण्यातूनच सायकलीच्या पेडलवर होते. तिने यंत्रकामाची पदविका घेतली, एका गॅरेजात उमेदवारी केली, तिथल्या उस्तादाच्या शिव्या आणि शाबासकी दोन्ही सारख्याच तोंडाने खाल्ल्या, आणि एक दिवस जुनी व्हॅन घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी व्हॅनला गोल फेरी मारली आणि म्हणाले, "बरी आहे की. तुझ्या आईपेक्षा कमी कुरकुरते."

काम मिळालं तेही तिच्यासारखंच, चारचौघांपेक्षा वेगळं. गावाच्या दुसऱ्या टोकाला वेताच्या खुर्च्या विणायची एक कार्यशाळा होती. विणणारे सगळे अंध. कुणी जन्मापासून, कुणी मागाहून. त्यांतल्या सात जणांना सकाळी घरून न्यायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं, हे खटपटीचं काम. पुढच्या सीटवर सगळ्यांत जुने कारागीर बसायचे. त्यांना सगळे वेतआजोबा म्हणायचे. गाडी कुठल्या वळणावर आली ते त्यांना बाकी कुणाच्याही आधी कळायचं.

आई त्या गाडीत एकदाच बसली होती. कोपऱ्यापासून बाजारापर्यंत. तेवढ्या अंतरात तिने आपल्या पायाखालची चटई अशी काही दाबली, की उतरल्यावर पोटरीत गोळे आले. जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक मारत गेली बाई. "हिच्या आईने गाडीचा पत्रा खाली बसवला," असं बाबा नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. त्यानंतर आईने कानाला खडा लावला. रोज सकाळी ती फाटकाशी उभी राहायची, गाडी कोपऱ्याआड जाईपर्यंत, आणि जाताना कोपऱ्यावर ब्रेकचा लाल दिवा लागला की मगच आत यायची.

एका शुक्रवारी वेतआजोबा उतरताना थांबले.

"पोरी, तुझी गाडी आज थांबायच्या आधी विचार करते गं."

"म्हणजे हो?"

"म्हणजे तू सांगतेस, मग ती जरा थबकते, मग ऐकते. काल अशी नव्हती."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, तुमची सून तर विचार करूनही ऐकत नाही!" सगळे हसले. खटपटीही हसली, पण घरी आल्यावर तिने आधी पुढच्या चाकामागे हात घातला. बोटं ओली झाली. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते आणि ब्रेक दाबला की तिला चिमट्यासारखा आवळून धरतो तो कॅलिपर. डावीकडच्या कॅलिपरमधून तेल पाझरत होतं आणि उजवीकडचा अर्धवट अडकून बसला होता. गाडीने थांबणं अगदीच सोडलं नव्हतं, पण आजोबांना जे सीटवर बसल्या बसल्या कळलं होतं, ते खरं होतं.

शनिवारी कार्यशाळेला सुट्टी होती. तिने एसटीने जाऊन शहरातून दोन्ही बाजूंचे कॅलिपर आणले आणि त्याच दिवशी कार्यशाळेच्या मॅनेजरांचा फोन आला. एका मोठ्या बस कंपनीने हे काम मागितलं होतं. समितीतल्या कुणाचं तरी म्हणणं, की एका मुलीच्या आणि एका जुन्या गाडीच्या भरवशावर सात माणसं सोडणं बरं नव्हे. "मी सोमवारी तुमच्याबरोबर येऊन बघतो," मॅनेजर म्हणाले. "माणूस वाईट नाही मी. पण गाडी त्या दिवशी आली नाही, तर माझ्याकडेही बोलायला तोंड राहणार नाही."

म्हणजे हाताशी रविवार तेवढा होता.

रविवारी सकाळी खटपटीने व्हॅन अंगणात घेतली, जॅक लावला, खाली लोखंडी स्टँड सरकवले. आईने येऊन ते स्टँड पायाने ढकलून पाहिले. मग हाताने. मग बाबांना बोलावून त्यांच्याकडून ढकलून घेतले. तेव्हा कुठे पोरीला चाकं काढायची परवानगी मिळाली. व्हरांड्यात एक चादर पसरून खटपटीने नवे कॅलिपर मांडले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि ती जुन्यांचे बोल्ट सोडवायला गेली.

तेवढ्यात आई बाहेर आली.

"ही माझी चांगली चादर!"

"जुनी आहे ती, आई."

"जुनी म्हणजे वाईट का? मीही जुनी आहे."

आईने ते दोन्ही ठोकळे उचलले, फडक्याने पुसून लखलखीत केले, खाली वर्तमानपत्र घातलं, त्यावर ते शेजारी शेजारी नीट मांडले आणि चादर झटकून आत नेली. अस्ताव्यस्त वस्तू बघवत नाही हा तिचा स्वभाव. तिच्या कार्यालयातल्या टेबलावर पेनसुद्धा काचेच्या कडेला समांतर असायचं.

जेवणवेळेपर्यंत कॅलिपर बसले. आता राहिलं होतं ते एअर काढायचं. नळ्या सोडल्या की आत हवा शिरते, आणि ब्रेकच्या तेलात हवा असेल तर पेडल दाबलं तरी नुसती हवाच दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल नावाचा छोटा पोकळ स्क्रू सैल करायचा, हवा आणि तेल नळीतून बाटलीत सोडायचं, निपल आवळायचं, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेर गेलेली हवा पाहुण्यासारखी परत घरात.

पेडलवर नेहमी बाबा बसायचे. पण त्यांचा गुडघा नुकताच डॉक्टरांच्या हाताखालून गेला होता.

"आई, तूच ये."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"अगं, तू तर गाडीत ब्रेक नसला तरी दाबतेस," बाबा म्हणाले. "आज खरा मिळतोय. हौस फेडून घे."

आई साडीचा पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर चढली. चढताना तिने पुन्हा एकदा विचारलं, "तू गाडीखाली नाहीस ना?"

"चाकाच्या बाजूला आहे. दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

बाटलीत बुडबुडे खदखदले. "आवळलं. सोड."

"सोडलं. तू गाडीखाली नाहीस ना?"

"आई! दाब."

भिंतीपलीकडून वकीलकाकांचं डोकं वर आलं. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना आवड, आणि त्यांची भिंत त्या कामासाठी अगदी बेताची उंच होती.

"मेकॅनिकला बोलवायचं होतं गं."

"काका, मीच आहे मेकॅनिक."

"म्हणजे दुसऱ्या मेकॅनिकला म्हणतो मी. सेकंड ओपिनियन."

"तुमच्या अशिलांना देता का हो तुम्ही, दुसऱ्या वकिलाचा पत्ता?" बाबांनी विचारलं, आणि डोकं थोडा वेळ खाली गेलं.

मागची चाकं झाली, पुढची झाली. बुडबुडे थांबले, नळीतून स्वच्छ तेल यायला लागलं. खटपटी स्वतः पेडलवर बसली आणि तिचा चेहरा उतरला. पेडल मऊ. ओल्या स्पंजवर पाय द्यावा तसं खाली जायचं. लगेच पुन्हा दाबलं की वर यायचं आणि लागायचं, पण पहिल्या दाबाला नुसताच पोकळ होकार.

आई दारापाशी आली. "मघाशी तू 'आई गं' म्हणालीस ना, पाना निसटला तेव्हा... मी पाय उचलला."

"आवळायच्या आधी?"

"अगं, तू ओरडलीस! मी काय पेडल बघू का तुला बघू?"

खटपटी हसली. "बरं. पुन्हा करू. ह्या वेळी मला हत्तीने तुडवलं तरी 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

"असलं अभद्र बोलू नकोस."

दुसरी फेरी झाली. ह्या वेळी आईचा पाय खांबासारखा रोवलेला होता. मान वळवून ती खिडकीतून फक्त पोरीच्या डोक्याचा वरचा भाग बघत होती, तेवढ्यावर समाधान मानत होती. बुडबुडे आले नाहीत. तेल मधासारखं स्वच्छ. आणि पेडल? पहिल्यासारखंच मऊ.

आता खटपटी बोलायची थांबली. ही तिची जुनी खूण. उरलेला स्क्रू मुठीत घेऊन झोपायची तेव्हाही अशीच गप्प व्हायची. तिने सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसले आणि कागद उजेडात धरून पाहिले. कुठेही ओल नाही. तेलाची टाकी भरलेली. मग तिने एक नवीनच काम सुरू केलं. प्रत्येक चाकाकडे जाणारी रबरी नळी फडक्यात गुंडाळून चिमट्यात बंद करायची आणि आईला दाबायला सांगायचं.

"हे कशाला?" आईने विचारलं.

"तू नाही का, घरात कुठून वास येतो ते बघायला एकेक खोलीचं दार लावत जातेस? तसं."

मागच्या नळ्या बंद केल्या, पेडल मऊच. पुढच्या दोन्ही बंद केल्या, आणि पेडल एकदम टणक. डावीची सोडली, मऊ. डावी बंद करून उजवीची सोडली, तरी मऊ.

"म्हणजे घोडं पुढच्या दोन चाकांत पेंड खातंय," बाबा म्हणाले.

"दोन्ही घोडी," खटपटी म्हणाली. "नवे कॅलिपर, नव्या वॉशर, तेल स्वच्छ येतंय, आणि हवा मात्र आतच. बसलीये कुठे ही?"

तिने उस्तादांना फोन लावला. ते लग्नाला गेले होते, फोन उचलला जात नव्हता. तेलाचे रिकामे डबे ओळीने पडले होते आणि भरलेला एकच राहिला होता. रविवारी दुकानं बंद. ऊन भिंतीवरून सरकत पार वकीलकाकांच्या छपरावर गेलं होतं.

बाबा खुर्ची ओढून जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. दोनदा दाबलं की लागतोय ना? उद्याचा एक दिवस दोनदा दाबून काढ. हळू चालव. परवा उस्ताद येतील, बघतील. उद्या गाडी गेली नाही तर काम गेलं, एवढं तर पक्कं आहे ना?"

खटपटी हात पुसत होती. फडकं तिने खांद्यावर टाकलं.

"बाबा, त्या सातांना पुढचा रस्ता दिसत नाही. मला दिसतो, एवढ्यावर ते निवांत बसतात. पहिल्या दाबाला न थांबणारी गाडी मी त्यांच्या दारात नेऊ?"

"अगं, मी आपलं..."

"पेडल टणक झाल्याशिवाय फाटक उघडणार नाही. दिवे लागेपर्यंत बघते. नाही जमलं तर मॅनेजरांना मीच फोन करते आणि सांगते, उद्या गाडी येणार नाही, त्या कंपनीची मागवा."

आई ड्रायव्हरच्या जागेवरच बसून होती. तिने हे सगळं ऐकलं. खरं सांगायचं तर ऐकता ऐकता तिच्या मनात एक लबाड सुख चमकून गेलं. काम गेलं तर गाडी गेली. गाडी गेली तर तिच्या जुन्या कार्यालयात एक जागा रिकामी होतीच. खुर्ची, पंखा, जागेवर चहा. फाटकाशी उभं राहणं संपलं. ती काही बोलली नाही, तरी हे सगळं आपोआप होणार होतं. मग तिने खिडकीतून पोरीकडे पाहिलं. खटपटी त्या मऊ पेडलच्या गाडीसमोर उभी होती, हात काळे, केस सुटलेले, आणि आपलं काम जातंय हे माहीत असूनही तिचा आवाज जराही कापला नव्हता. एवढा ताठ कणा आपल्या घरात कधी, कुठून आला? आईला एकदम वाटलं, ह्या पोरीला खुर्चीत बसवणं म्हणजे त्या कण्याचाच अपमान. लबाड सुख जसं आलं तसं गेलं.

ती उतरायला गेली आणि पाठीत चमक भरली. दुपारभर पेडल दाबून कंबर मोडून गेली होती. "आई गं!" ह्या वेळी ती म्हणाली.

बाबा लंगडत आत गेले आणि रबरी पिशवी भरून घेऊन आले. नवऱ्याची सेवा म्हणजे निम्मी सेवा. पिशवी फुटबॉलसारखी फुगलेली आणि आत पाणी डचमळतंय.

"अहो, ही काय भरलीत की फुगवलीत?" व्हरांड्याच्या पायरीवर बसून आईने बूच काढलं. "आडवी धरून भरली असणार. तोंड वर धरा म्हणून किती वर्षं सांगतेय." तिने पिशवी उभी केली, पोट दाबलं, पाणी तोंडाशी आलं, आतली हवा फुस्स करून निघून गेली.

बूच लावता लावता तिचा हात थांबला.

"ए," तिने पोरीला हाक मारली. "तुझं ते निपल. त्याचं तोंड कुठे असतं गं?"

"वर असतं, आई. हवा वर जाते म्हणून..." बोलता बोलता खटपटी चाकाकडे वळली. वाक्य अर्धंच राहिलं. ती गुडघ्यावर बसली, मान वाकडी करून डावीकडे पाहिलं, मग पलीकडे जाऊन उजवीकडे पाहिलं. दोन्ही कॅलिपरची निपलं खालच्या अंगाला होती. दिवसभर ती खालूनच तेल काढत होती, आणि हवा वरच्या पोकळीत मजेत पाय पसरून बसली होती.

"डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसलाय," ती हळूच म्हणाली. "जुळ्या भावांसारखे दिसतात, बसतातही दोन्हीकडे. फक्त उलटे. पण मी तर डावा डावीकडेच ठेवला होता..."

आईने पिशवी पायरीवर ठेवली. चादर. फडकं. वर्तमानपत्र. शेजारी शेजारी, नीट.

"मी उचलले होते," ती म्हणाली. "पुसायला. चादर काढून घेतली ना, तेव्हा. परत ठेवताना कुठला कुठे ठेवला, देव जाणे."

भिंतीवर पुन्हा आलेलं वकीलकाकांचं डोकं आणखी दोन बोटं वर सरकलं. आई वाट बघत होती. पोरगी चिडली असती तरी तिने ऐकून घेतलं असतं.

खटपटी हसायलाच लागली. आधी नाकातून, मग पोट धरून.

"म्हणजे दिवसभर मी स्वच्छतेशी लढत होते!"

"चूक माझी आहे गं..."

"तू पुसलेस, आई. बसवणारा हात माझा होता. बसवताना डावं-उजवं बघणं माझं काम. उस्ताद असते तर त्यांनी मलाच टपली मारली असती." ती उठली, पाना उचलला. "आणि हवा वर जाते हे मला पहिल्यांदा कुणी शिकवलं, ठाऊक आहे? चल, बस पेडलवर. पिशवी पाठीशी घे."

पुढचं काम भराभर झालं. कॅलिपर उतरले, अदलाबदल झाली, ह्या वेळी निपल वर, आणि खटपटीने दोन्हीकडे बोट लावून मोठ्याने म्हटलं, "वर. वर." शेवटचा डबा फुटला. चाकाच्या कमानीवर उडालेल्या तेलावर बाबांनी पाण्याची बादली ओतली, कारण ते तेल रंग खातं आणि व्हॅनच्या अंगावर आधीच रंग बेताचा.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

पारदर्शक नळीतून असा एक लांबलचक बुडबुडा गेला की वकीलकाका भिंतीवरून ओरडले, "गेली! बघा, गेली!" जणू त्यांच्या खटल्याचा निकाल लागला. त्यामागे लहान बुडबुडे, मग अगदी बारके, मोहरीएवढे, मग नुसतं तेल. दुसरीकडेही तसंच. आईने शेवटचं "सोड" ऐकलं, पाय उचलला, आणि कुणी न सांगता पुन्हा एकदा दाबला.

तळपायाखाली दगड लागावा तसं लागलं. थोडंसं गेलं आणि थांबलं. ठाम. तिने जोर लावून पाहिला. हललं नाही.

"अगं," ती म्हणाली, "हे बोलतंय की!"

चाकं चढवून, दिवे लागायच्या सुमारास खटपटीने फाटक उघडलं. आधी गल्लीत माणसाच्या चालीने गेली आणि थांबली. मग जरा वेगात गेली आणि थांबली. मग जोरात. गल्लीच्या टोकाला लाल दिवा लागायचा, गाडी जिथल्या तिथे उभी राहायची. परत आल्यावर तिने बॅटरी घेऊन सगळे सांधे पुन्हा पाहिले. कोरडे. आई फाटकाशी उभी होती, पण त्या दिवशी ती लाल दिव्यासाठी उभी नव्हती. वकीलकाकांना ती सांगत होती, "नळ्या एकेक बंद करून बघितल्या तिने. असं डोकं लागतं त्याला." आणि काका मान डोलावत होते, जणू हे आपणच सुचवलं.

सोमवारी सकाळी खटपटी किल्ली घेऊन निघाली, तर आई चपला घालून व्हॅनच्या दाराशी.

"कुठे?"

"बघते म्हटलं, आपण दोघींनी केलेलं काम कसं झालंय ते."

"पोटऱ्या दुखतील हं."

"माझ्या पोटऱ्यांचं मी बघेन. तू पुढे बघ."

आई ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसली. एकेका दारातून कारागीर चढत गेले, आईचा आवाज ऐकून "आज घरचं माणूस आहे वाटतं" म्हणत सरकून बसले. वेतआजोबा पुढे बसले. मॅनेजर शेवटच्या थांब्यावर चढले, हातात पिशवी, चेहऱ्यावर समितीचा गंभीरपणा, आणि आईच्या शेजारी टेकले. ती कोण आहे ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

बाजाराच्या चौकात भाजीच्या हातगाडीवाल्याने मागचापुढचा विचार न करता गाडा रस्त्यात घातला. खटपटीचा पाय एकदाच खाली गेला. व्हॅन उभी राहिली. कुणी पुढे ढकललं गेलं नाही, कुणाचा डबा पडला नाही. हातगाडीवाला शिव्या देत पलीकडे गेला, खरं तर त्या त्याने ऐकायला हव्या होत्या.

पुढच्या सीटवर वेतआजोबांनी मान हलवली. "विचार करायचं सोडलं की हिनं."

"काय झालं? का थांबलो?" मॅनेजरांनी विचारलं.

"गाडा आडवा आला," आजोबा म्हणाले. डोळे नसलेल्या माणसाने डोळस माणसाला रस्ता सांगितला. "पण तुम्हाला धक्का जाणवलासुद्धा नाही ना, साहेब? तीच तर गंमत."

कार्यशाळेच्या दारात सगळे उतरले. मॅनेजरांनी व्हॅनच्या चाकांकडे पाहिलं, पोरीच्या नखांत राहिलेल्या काळ्या रेघांकडे पाहिलं.

"हे तुम्ही स्वतः केलंत, काल?"

"मी आणि आईने."

त्यांनी वळून आईकडे नव्याने पाहिलं. मग खिशातून चष्मा काढून पुसला, तो कारण नसताना. "संध्याकाळी साडेपाच ना? वेळ बदलायला नको. वर्षभर हीच गाडी ठेवू."

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये दोघीच होत्या. आई आता वेतआजोबांच्या जागेवर, पुढे. उतार आला, शाळेपुढचा गतिरोधक आला, कोपऱ्यावर एक म्हातारा कुत्रा रस्ता ओलांडायचं का नाही ते ठरवत उभा राहिला आणि गाडी त्याच्यासाठी थांबली.

"आई," खटपटीने समोर बघतच म्हटलं, "तुझा पाय बघ."

आईने खाली पाहिलं. उजवा पाय डाव्यावर टाकून ती बसली होती, तिच्या कार्यालयात दुपारचा चहा आल्यावर बसायची तशी. चटईला तिचा पाय लागतही नव्हता.

"हं," आई म्हणाली. "बघतेस काय इकडे? कुत्रा गेला. चल."